तंतुकणिका, ग्रॅमला 9 रुपये

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका व्हॉल्व्हच्या कारखान्यामागे, गाळ्यांच्या ओळीत थ्रीडी प्रिंटिंगचं एक दुकान आहे. पाटी आहे, पण ती दिसेपर्यंत आपली ॲक्टिवा दोन गाळे पुढे गेलेली असते. गेल्या दीड महिन्यात मी तिथे पाच खेपा घातल्या आणि पेशीच्या आतले तीन नमुने छापून आणले. दुकानाचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, पण निम्म्या चुका माझ्याच, आणि मालक माणूस सरळ आहे. तुम्ही दुसऱ्या कुठल्या गाळ्यात गेलात तरी याच खड्ड्यांत पडाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाई असेल त्यांच्यासाठी: पाचपैकी साडेतीन.

मी दांडिया बाजारात राहते आणि घरीच अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. 22 वर्षं झाली. 'पेशी' हा धडा पावसाच्या तोंडावर येतो आणि दरवर्षी माझी चिडचिड एकाच आकृतीपाशी होते. तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, पेशीचं ऊर्जाघर. पुस्तकात ती मधोमध चिरलेल्या राजम्यासारखी पडलेली असते, आत नागमोडी घड्या. मुलं ती इतकी घोटतात की परीक्षेत डोळे मिटून काढतील. पण एका मुलीने मला गंभीरपणे विचारलं होतं, "मॅडम, एका पेशीत असे किती राजमे सुटे फिरत असतात?" तिचं काहीच चुकलं नव्हतं.

घोळ असा आहे. पेशीच्या आतलं पहिल्यांदा नीट दिसलं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून, 1940-50च्या दशकांत, आणि त्यासाठी पेशीचे 100 नॅनोमीटरपेक्षाही पातळ काप करावे लागत. कापात जे दिसेल ते चित्र. आता भाकरवडी घ्या. भाकरवडी म्हणजे लांब गुंडाळीचा एक काप. नुसती ती चकती बघून गुंडाळी वीतभर होती की हातभर, सरळ होती की वळलेली, तिला फांद्या होत्या का, काही कळणार नाही. पुस्तकांनी चकतीवरून गंमतीशीर अंदाज बांधला आणि तंतुकणिकेचा राजमा झाला. गॉल्गी पिंडाचंही, म्हणजे पेशीतल्या चपट्या चकत्यांच्या चळतीचंही तेच, आंतर्द्रव्यजालिकेचं, म्हणजे पटलांच्या जाळ्याचं, तर फारच. ती मुलांना केंद्रकाच्या बाजूला ठेवलेली चार सुटी पोळपाटं वाटते. प्रत्यक्षात केंद्रकाचं बाहेरचं पटल आणि जालिका सलग एकच आहेत, आणि तीच जालिका कुठे पसरट, कुठे नळ्यांची होत पेशीभर जाते.

यावर उतारा मला दोन वर्षांपूर्वी सापडला: ओपन ऑर्गनेल नावाचं संकेतस्थळ. अमेरिकेत व्हर्जिनियात जनेलिया म्हणून संशोधन केंद्र आहे, त्यांचं. 2021 साली 'नेचर'मध्ये त्यांचे दोन लेख आले आणि त्यांनी अख्ख्या पेशींची त्रिमिती चित्रं सगळ्यांसाठी फुकट उघडी केली. करतात असं: पेशी प्रचंड दाबाखाली क्षणात गोठवायची, म्हणजे पाण्याला स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही. मग पटलांवर ऑस्मियमसारखे जड धातू चढवायचे आणि राळेच्या ठोकळ्यात बसवायची. त्या ठोकळ्यावर गॅलियमच्या आयनांचा झोत सुताराच्या रंध्यासारखा फिरतो आणि 4-5 नॅनोमीटरचा पापुद्रा उडवतो. खाली उघडं पडलेलं तोंड इलेक्ट्रॉन झोताने टिपायचं. पुन्हा रंधा, पुन्हा टिपण, असं हजारो वेळा. तिथल्या हेस आणि शू या दोघा संशोधकांनी ही यंत्रं महिनोन्महिने न अडखळता चालतील अशी केली, नाहीतर पूर्वी ती थोड्याच दिवसांत मान टाकायची. शेवटी चित्रांची थप्पी उरते, पेशी उरत नाही. त्या थप्पीतून कुठला ठिपका कुठल्या अंगकाचा, म्हणजे पेशीतल्या कुठल्या भागाचा, हे माणसांनी आधी थोड्या तुकड्यांत हाताने रंगवून दाखवलं आणि त्यावरून संगणक शिकला. 35 प्रकार तो ओळखतो.

हे सगळं ब्राउझरमध्ये बघता येतं. पडद्याचे चार भाग, तीन बाजूंनी कापलेलं करडं चित्र आणि चौथ्यात रंगीत अंगकं फिरवायला. मी मुलांना आधी करडंच दाखवते, रंग नंतर. रंग म्हणजे संगणकाचं मत आहे, पेशीत कोणी हिरवं-जांभळं नसतं. माऊसचं चाक फिरवत थर उतरत गेलं की एक गोल ठिपका येतो, लांबट होतो, दुसऱ्या ठिपक्याला जाऊन मिळतो, आणि वर्गात "अरेऽ" होतं. त्या "अरे"साठी मी शिकवते.

मग छापायचं कशाला? कारण पडद्यावरचं फिरवतो एकच जण, बाकीचे तेरा बघत बसतात. मला वस्तू हातात द्यायची होती.

फाईल पुण्याच्या भाच्याने काढून दिली. या चित्रांच्या फायली इतक्या मोठ्या की अख्खी पेशी उतरवून घ्यायची म्हटलं तर माझा लॅपटॉप पहिल्याच घासाला गुदमरेल. पण साठवण तुकड्या-तुकड्यांत आणि कमी-जास्त बारकाव्याच्या पायऱ्यांत आहे, त्यामुळे हवा तो कोपरा हव्या त्या जाडीत उचलता येतो. आणलेल्या ठिपक्यांवर पृष्ठभाग चढवायची रीत 1987ची, मार्चिंग क्यूब्ज म्हणतात. भाच्याने आधी 32 नॅनोमीटरच्या पायरीचं घेतलं आणि "मावशी, सगळ्यात लांबलचक तंतुकणिका सापडली" म्हणून खुशीत फोन केला. मी करड्या चित्रात थर उतरून पाहिलं तर मध्ये पटलाची काळी रेघ स्वच्छ. त्या दोन होत्या, शेजारी टेकलेल्या. इतक्या जाड पायरीत मधली फट बुजली होती. 16 नॅनोमीटरवर घेतल्यावर सुट्या झाल्या.

प्रमाण ठरवलं 20,000 पट. हिशोब सोपा: अर्धा मायक्रोमीटर जाड तंतुकणिका 1 सेंटिमीटरची होते, म्हणजे करंगळीएवढी. रक्तातली लाल पेशी याच प्रमाणात मध्यम भाकरीएवढी होईल. माझ्या डोक्यावरचा एक केस दीड मीटर जाड. हा केसाचा आकडा मुलांना सांगून ठेवा, महिनाभर विसरत नाहीत.

आता दुकान. मालक चाळिशीतला, तीन प्रिंटर, एक मदतनीस पोरगा. मुख्य काम कारखान्यांचे नमुने, गिअर, हँडल, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट. मी फाईल उघडून दाखवली तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बेन, आ शुं छे? गाठिया?" मी सांगितलं. पेशी कोणाची, हेही त्याने विचारलं. बाहेर सहसा कोणी विचारत नाही. हीला पेशी, 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून, त्यांना न विचारता घेतलेल्या. बाई त्याच वर्षी गेल्या, 31व्या वर्षी. पेशी अजून जगभर वाढताहेत. "घरच्यांना काही मिळालं?" बरीच वर्षं काही नाही, 2023 साली एका कंपनीशी तडजोड झाली, आकडा बाहेर आला नाही. त्याने मान हलवली आणि वहीत ऑर्डर माझ्या नावावर न लिहिता 'हेन्रिएटाबेन' अशी लिहिली. बिलही त्याच नावाने आलं. ते मी जपून ठेवलंय.

रंध्याची गोष्ट त्याला लगेच उमगली. "एटले ए लोको छोले ने हुं चडावुं." ते सोलतात, मी चढवतो. अगदी तसंच आहे. त्याचा प्रिंटर 0.2 मिलिमीटरचा थर घालतो. आमच्या प्रमाणात तो पेशीतल्या 10 नॅनोमीटरचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाचे दोन पापुद्रे मिळून याचा एक थर.

पहिला नमुना, एकच पण फांद्या फुटलेली तंतुकणिका. एकच का, तर सुट्या पाच घेतल्या तर हवेत कशा उभ्या राहणार? पेशीत त्या द्रवात असतात, टेबलावर नाही. हा सल्ला त्याचा आणि बरोबर होता. वस्तू मात्र केसाळ आली. एका फांदीकडून दुसरीकडे बारीक तंतू ताणलेले, कोळ्याने घर केल्यासारखे. कारण पाऊस. प्लास्टिकची तार रिळात उघडी होती आणि पापड सादळतात तशी सादळली होती. ओली तार नोझलमधून येताना तंतू सोडते. दुसऱ्या कुठल्या वस्तूला हे चाललं असतं. इथे पंचाईत अशी की पेशीत खरोखरच असे तंतू असतात: मायक्रोट्यूब्यूल, 25 नॅनोमीटर व्यासाचे, आमच्या प्रमाणात अर्धा मिलिमीटर, म्हणजे हुबेहूब त्या केसांएवढे. मुलांनी वहीत काढूनही टाकले असते. त्याने हेअर ड्रायरने जाळून दिले, पण सफाई पुरती झाली नाही. पावसाळ्यात छापणार असाल तर तार सुकवून घेतली का, हे आधी विचारा. त्याच्याकडे सुकवायची पेटी आहे. वापरली नव्हती एवढंच.

दुसरा नमुना माझ्या हावरटपणाने बिघडला. तंतुकणिकेला बिलगलेली जालिका हवी होती. पेशीत या दोन्ही जागोजागी 10 ते 30 नॅनोमीटरवर येऊन थांबतात, चिकटत नाहीत, आणि त्या फटीतून चरबीचे रेणू आणि कॅल्शियम यांची देवघेव चालते. शिकवण्यासारखी जागा नेमकी ती फटच. पण 20,000 पटीत ती फट 0.2 ते 0.6 मिलिमीटर होते आणि नोझलचं तोंड 0.4चं. जे व्हायचं तेच झालं, सगळं मिळून एक गोळा. मी आधी गुणाकार केला असता तर पैसे वाचले असते. याचा दोष दुकानाला नाही. आता तो गोळा वर्गात दाखवून विचारते, यात चुकीचं काय? हा प्रश्न बरा जमलाय.

तंतुकणिकेच्या आतल्या घड्या छापायचा नाद सोडाच. त्या पडद्यावरच बघा.

तिसऱ्यात खरी मजा झाली. केंद्रकाच्या पटलाचा 5 मायक्रोमीटर लांब-रुंद तुकडा, म्हणजे 10 सेंटिमीटरची किंचित वाकलेली पत्री, आणि तीत केंद्रकरंध्रं, शंभरावर, प्रत्येकी दोन-सव्वादोन मिलिमीटरची. किसणीसारखी दिसायला हवी होती. मी आणायला गेले तर हातात गुळगुळीत वाटी. एक भोक नाही! मालक खूश: "बेन, फाईलमां बहु खाडा हता, में बधा पूरी दीधा." फाईल 'दुरुस्त' करणारा प्रोग्राम असतो, तो जाळीवर नवं कातडं चढवतो. त्याने प्रेमाने शंभर भोकं बुजवली होती आणि दुरुस्तीचे पैसेही लावले नव्हते.

तिथे मला ओरडता येईना. म्हटलं, भाई, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट, चारही दरवाजे भिंत घालून बंद केले तर मांडवीत माल येणार कुठून? ही भोकं दरवाजे आहेत. आतला आरएनए इथून बाहेर जातो, बाहेरची प्रथिनं इथून आत येतात, आणि प्रत्येक दारात साधारण 30 प्रकारच्या प्रथिनांचा पहारा असतो. वाटेल त्याला आत सोडत नाहीत. तो हसला, म्हणाला ऑक्ट्रॉय नाकं म्हणा ना. पुन्हा छापून दिलं, फुकट, चार दिवसांत. दुसऱ्या वेळची पत्री सुरेख आली आहे. उजेडासमोर धरली की भिंतीवर ठिपके पडतात. तिन्हींतली तीच माझी सर्वांत लाडकी. मुलांना मात्र सांगावं लागतं की खरी दारं अशी सताड उघडी नसतात. आमच्या फाईलमध्ये फक्त पटल होतं, पहारेकरी नव्हते.

पैसे. दर ग्रॅमला 9 रुपये. एकूण 148 ग्रॅम, 1332 रुपये. यात माझी खरी तक्रार आहे आणि दीड तारा इथेच गेला. वस्तू छापताना लोंबत्या भागांखाली आधाराची जाळी घालतात, जशी स्लॅबखाली सेंट्रिंग. नंतर ती तोडून फेकतात. 148तले 52 ग्रॅम ही जाळी होती, म्हणजे 468 रुपये कचऱ्याचे. तार त्यालाही लागते, वेळही जातो, हे मान्य. पण दर सांगताना त्याने हे सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. तुम्ही वजन विचाराल तेव्हा 'आधारासकट का?' हे विचारा. नमुना आडवा ठेवला की उभा यावर जाळी कितीतरी कमी-जास्त होते, आणि तेवढं बघायला त्याला पाच मिनिटं लागतात. मागितलं तर बघतो, आपणहून बघत नाही.

बांधणी नाही. पत्री मी पदराखाली धरून आणली, आणि तंतुकणिका डिकीत ठेवली तर सुसेन सर्कलच्या खड्ड्यात एक फांदी मोडली. फेविक्विकने जोडली. सासूबाईंनी जोडताना पाहिलं आणि विचारलं, "हे हळकुंड कसलं गं प्लास्टिकचं?" आता आमच्या बॅचमध्ये त्या तंतुकणिकेचं नाव हळकुंड पडलंय, आणि राजम्यापेक्षा ते लाख पटीने बरं.

माझ्याकडे तीन मुलं गुजराती माध्यमातून आलेली आहेत. त्यांच्या पुस्तकात तंतुकणिकेला कणाभसूत्र म्हणतात. त्यातल्या एकाने, जो सहसा तोंड उघडत नाही, हळकुंड हातात फिरवत विचारलं, "मॅडम, कण पण आणि सूत्र पण, दोन्ही कसं?" 1898 साली कार्ल बेंडाने नाव ठेवलं तेव्हा ग्रीकमधले दोन शब्द जोडले होते, मायटोस म्हणजे धागा, काँड्रोस म्हणजे कण. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याला कुठे दाणे दिसले, कुठे दाण्यांची माळ. मराठीत तंतुकणिका, गुजरातीत कणाभसूत्र, नाव ठेवणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणी दोन्ही शब्द इमानाने आणले. आणि मी 22 वर्षं हा शब्द फळ्यावर लिहीत होते, तंतूकडे लक्ष न देता. त्या मुलाला मी हळकुंड घरी न्यायला दिलं. परत आणलं तेव्हा उरलेले केस त्याने बहिणीच्या नेलकटरने साफ केले होते.

गेल्या आठवड्यात गॉल्गी पिंडाची फाईल दिली. या वेळी शहाणपणा करून 60,000 पट घेतलंय, कारण चकत्यांमधल्या फटी तशाच बारीक, 20,000त पुन्हा गोळा झाला असता. आधाराचं वजन वेगळं लिहून मागितलं आहे, तार सुकवायला सांगितली आहे. काल दुपारी वर्ग चालू असताना फोन आला. मालक. छापायला घेण्याआधी विचारतो, "बेन, आमां थर छूटा राखवाना के चोंटेला?"

सुटे, म्हटलं. सगळे सुटे, फक्त कडेला जिथे फाईलमध्ये जोडलेत तिथे जोडलेले.

"तो ऊभुं काढीश. आधार ओछो लागशे. मंगळवारे आवजो."